चाळीस दिवस, अठरा डबे

॥ श्री ॥

नेपरव्हिल
७ सप्टेंबर २०२५

ती. स्व. बाळकाका यांस,
ऋताचा शि. सा. न. वि. वि.

तुमची दोन पत्रं येऊन माझ्या टेबलावर बसली आहेत आणि माझ्याकडून अक्षरही गेलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आळस हे कारण नाही. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा कागद फाडला. डायरी मी रोज लिहिते, पण तिथे वाचणारी मीच असते. तुमच्या केबिनला मोबाइलचं नेटवर्क नाही म्हणून पत्र, इथपर्यंत ठीक आहे. पण या पत्रांत मी तुमची पुतणीही आहे आणि पंचही आहे, आणि दोघींना एकाच पेनानं लिहायचंय, हे जरा अवघड जातंय.

मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. नियम स्वतःच्या हातानं उतरवून काढल्याशिवाय मला काम सुरू करता येत नाही. तेव्हा तुमच्यात आणि सौमित्रमध्ये जे ठरलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर कळवा. मिशिगनच्या उत्तर टोकाला, तुमच्या ऑफिसमधल्या जुन्या मित्राच्या केबिनमध्ये तुम्ही २८ ऑगस्टपासून चाळीस दिवस एकटे राहणार. स्वयंपाक, सरपण, औषधं, सगळं स्वतःचं स्वतः. कोणाची मदत घ्यायची नाही आणि एकही रात्र बाहेर काढायची नाही. जमलं, तर सौमित्र तुमचं ट्रॉयचं घर विकण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर ऑक्टोबरात घर विक्रीला लागेल आणि तुम्ही बॉथेलला त्याच्याकडे राहायला जाल. जमलं की नाही हे मी ठरवायचं, तेही तुमच्या पत्रांवरून, कारण तुम्ही खोटं लिहिणार नाही यावर तुम्हा बापलेकांचं एकमत आहे. सौमित्र म्हणाला, एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

त्याच्यावर रागावू नका, काका. फेब्रुवारीत ड्राइव्हवेमधल्या बर्फावर तुम्ही पडलात आणि टपालवाल्या बाई येईपर्यंत चाळीस मिनिटं तिथेच पडून होतात, हे त्याला तीन आठवड्यांनी कळलं. तो मला म्हणाला, आई असती तर चाळीस सेकंदांत कळलं असतं. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं तरी तो अजून आईच्या घड्याळानं वेळ मोजतो.

खरं तर दोष माझा आहे. आमच्या लायब्ररीत जानेवारीपासून दर मंगळवारी वाचनवर्ग भरतो, विषय पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मॅसॅच्युसेट्समधले ते लेखक आणि विचारवंत. माणसानं समाजाकडे न बघता आतल्या आवाजाकडे कान द्यावा, रानात जाऊन निसर्गाकडून शिकावं, थोडक्यात भागवावं, असं म्हणणारे. मे महिन्यात तुमच्याकडे आले तेव्हा ते पुस्तक माझ्या बॅगेत होतं, आणि मी बेसमेंटमध्ये खोका शोधत असताना तुम्ही वर सोफ्यावर बसून ते वाचायला घेतलंत. खोका मिळाला नाही, फळीभर स्टीलचे आणि प्लॅस्टिकचे डबे तेवढे दिसले. काकूंचा संग्रह अजून तसाच आहे, असं मनात म्हटलं आणि वर आले, तर तुमची चाळीस पानं झालेली. तुमचा जावई शैलेंद्र म्हणतो, पुस्तक द्यायचंच होतं तर शहात्तर वर्षांच्या माणसाला बागकामाचं द्यावं.

आता माझी उत्सुकता. रानात राहिलं की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, असं ते लोक लिहितात. तुम्हाला आला का? आला असेल तर तो काय म्हणाला?

लोभ आहेच, पंचाच्या निकालानंतरही तो टिकावा, एवढं मागणं.

तुमची
ऋता

•

तळ्याकाठची केबिन
१२ सप्टेंबर २०२५

चि. ऋता हिस,
बाळकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचबाई, पत्र मिळालं. नियम बरोबर उतरवले आहेस. आमच्या ऑफिसात तू असतीस तर मी छत्तीस वर्षांत डिझाइन केलेला एकही ब्रेक तुझ्या हाताखालून पास झाला नसता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज आला, आणि तो फक्त एवढंच म्हणत होता की गॅस बंद केलास का. पाचव्या दिवशी तोही दमला. आता सकाळी तळ्याच्या काठी ओंडक्यावर बसतो. इथे लून नावाचा पाणपक्षी आहे. तो पाण्यात बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. कुठे येईल याचा अंदाज करायचा, असा माझा खेळ चालतो. अकरा दिवसांत एकदाच बरोबर आला. तुझे अतींद्रियवाले म्हणतात (त्यांच्या लांबलचक इंग्रजी नावाचं मी केलेलं मराठी) की निसर्गात माणसाचा मीपणा गळून पडतो. माझा पूर्ण गळला नाही, कारण अंदाज बरोबर आला तेव्हा मी टाळी वाजवली आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

डाळ-भात जमतो. खिचडी जमते. शिराही जमतो, आणि तिथून पुढे मला पंचाचा निर्णय हवा आहे.

इथून पाव मैलावर हेल्मी लेहतो नावाची बाई राहते. पंच्याहत्तरीची, एकटी. तिचे आजोबा फिनलंडहून इथल्या खाणीत कामाला आले. बोलते फार कमी. गेल्या शुक्रवारी दार वाजलं, उघडलं तर ही बाई, हातात पांढरं, निळ्या काठाचं एनॅमलचं पातेलं. बटाट्याचं सूप आहे, मांस नाही, तुझ्या मित्रानं सांगितलंय तू खात नाहीस, एवढं म्हणाली आणि मी आभार मानेपर्यंत झाडांत दिसेनाशीही झाली. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की समाज माणसाला त्याच्यासारखं राहू देत नाही. मान्य. पण तो पातेलं घेऊन दारात उभा राहिला तर काय करायचं, ते पान मला कुठे सापडलं नाही.

सूप उत्तम होतं. पातेलं धुतलं, पुसलं आणि समोर ठेवून तासभर बसलो. रिकामं परत कसं द्यायचं? तुझ्या काकूनं उभ्या आयुष्यात कोणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही. शेवटी उठलो, रवा भाजला, साजूक तूप सढळ घातलं, वेलची कुटली. शिरा भरून पातेलं तिच्या दारात ठेवून आलो. तासभर का बसलो ते पुन्हा कधी सांगेन, आज नको.

आता ऐक. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला पातेलं परत. आत वेणीसारखा विणलेला गोड पाव, आणि त्याला वास कशाचा? वेलचीचा! मला वाटलं माझीच वेलची तिनं परत केली. तर नाही, म्हणाली, हा आमच्याकडचा नेहमीचाच पाव, आजीपासूनचा. माझा शिरा तिला ओळखीचा लागला म्हणे. म्हणजे आता माझी पाळी. ती तरी रिकामं कुठे घेणार आहे!

ही मदत झाली का? नियम मोडला का? सांगशील तसं करीन. हातचं राखून निर्णय देऊ नकोस.

शैलेंद्रला सांग, बागकामाचं पुस्तक त्यानं स्वतः वाचावं. त्याची हिरवळ मी पाहिली आहे.

तुझा
बाळकाका

•

नेपरव्हिल
१७ सप्टेंबर २०२५

ती. स्व. बाळकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

निर्णय आधी. सूप ही भेट आहे, मदत नाही, कारण तुम्ही मागितलं नव्हतं आणि ते नसतं तर उपाशी राहिला नसतात. शिरा तर उलटाच. ती तुम्ही दिलेली गोष्ट. नियमात घेण्याला बंदी आहे, देण्याला नाही. पातेलं चालू राहू द्या. हे लिहून झाल्यावर मी अर्धा तास स्वतःची उलटतपासणी घेतली की तुम्ही जिंकावंत असं वाटतं म्हणून मी असा निर्णय दिला का. उत्तर आलं, थोडंसं हो. पण निर्णय तरीही बरोबर वाटतो. हे दोन्ही डायरीत लिहून ठेवलंय.

काल वर्गात वाद झाला. आमचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, या लेखकांना माणूसघाणे समजू नका. माणूस आधी स्वतःचा व्हावा, म्हणजे लोकांत परत जाताना त्याच्याकडे द्यायला काही असेल, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांच्यातल्या काहींनी तर एकत्र शेती करून राहण्याचा प्रयोगही केला, आणि तो काही वर्षांत मोडला. मग कोणीतरी विचारलं की एकट्यानं राहणं जास्त अवघड की मिळून राहणं. वर्गात आम्ही अकरा जण, आणि अकरा उत्तरं. एवढा व्यक्तिवाद तर आम्हाला आधीच जमतो.

माझाही एक प्रयोग सांगते, हसू नका. इतर काय म्हणतील याचा विचार न करता तुम्ही शेवटची कोणती गोष्ट केलीत, असा प्रश्न त्या प्राध्यापकांनी उन्हाळ्यात सगळ्यांना विचारला होता. मला एकही आठवली नाही. चव्वेचाळीस वर्षांत एक नाही! म्हणून यंदा मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या कमिटीवर नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही, नुसतं नाही. तुम्हाला सांगते, दोन दिवस मी विलक्षण हलकी होते. तिसऱ्या दिवशी कमिटीतल्या नैनाचा फोन आला, ती काहीच बोलली नाही त्याबद्दल, फक्त उकडीला पाणी किती ते विचारलं. मी साठ मोदक करून नेले. आता ते मला मनापासून करावेसे वाटले की मी घाबरले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आतला आवाज आणि नैनाचा आवाज वेगळे कसे ओळखायचे, हे त्या लेखकांनी सांगायला हवं होतं.

आता एक कबुली, आणि हिच्यासाठीच हे पत्र आठवडाभर लांबू दिलं नाही. सौमित्रनं मला तुमच्या पत्रांचे फोटो मागितले होते. पहिल्या दोन पत्रांचे मी पाठवले. तुम्हाला विचारलं नाही. त्याला देवनागरी अक्षरं लावत बसावी लागतात, त्यामुळे त्यानं किती वाचलं कोण जाणे, पण मुद्दा तो नाही. तुम्ही मला लिहिलं होतंत, त्याला नाही. तिसरं पत्र आलं तेव्हा तुमचा तो तास वाचला, आणि फोन हातात घेऊन परत ठेवला. काळजीपोटी केलं असं म्हणता येईल, पण काळजी आणि पाळत यांत फरक असतो, आणि तो मला कळत होता. माफ करा. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचा एकही शब्द आता इथून बाहेर जाणार नाही.

तो तास मात्र मनातून जात नाही. सांगावासा वाटेल तेव्हा सांगा.

रागावलात तरी उत्तर लिहा. तुमचा राग पोस्टानं तीन दिवसांत पोचतो, अबोला कधी पोचेल त्याचा भरवसा नाही.

तुमची
ऋता

•

तळ्याकाठची केबिन
२६ सप्टेंबर २०२५

चि. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटोबद्दल: रागावलो. पाच मिनिटं. मग मनात आलं की कबुली दिली नसतीस तर मला कळण्याचा काही मार्गच नव्हता, आणि राग निवळला. पुढे बोलू नकोस त्याबद्दल.

निकाल तू द्यायला नको, मीच देतो. करार मोडला. सव्विसाव्या दिवशी. कसा, ते क्रमानं सांगतो.

शनिवारी मी पातेलं दिलं, आत रव्याचे लाडू होते, जरा कडक. म्हणजे सोमवारी दहाला हेल्मी यायला हवी. या बाईवर घड्याळ लावावं. दहा वाजले, आली नाही. साडेदहा. अकरा. मी ओंडक्यावर जाऊन बसलो आणि तुझे अतींद्रियवाले डोक्यात घेऊन स्वतःशी वाद घालायला लागलो. तिचं आयुष्य तिचं आहे. प्रत्येकाला त्याचा एकांत आहे. आपण तिच्या दारात जाऊन का आली नाहीस विचारणं म्हणजे फेब्रुवारीनंतर सौमित्र मला रोज फोन करायचा तसंच की. त्या फोनांचा मला किती वैताग यायचा, ते तुला माहीत आहे. असं दोन वाजेपर्यंत चाललं. दोन वाजता मी उठलो, ते कुठल्याही विचारानं नाही. पातेलं आलं नाही, एवढंच डोक्यात होतं.

ती लाकडांच्या शेडमध्ये पडलेली होती. नऊ वाजता पडली, खुब्याचं हाड मोडलेलं. पाच तास, ऋता. त्यातले चार मी पाव मैलावर बसून तत्त्वज्ञान करत होतो. मला बघून ती काय म्हणाली असेल? पाव ताजा असताना यायला हवं होतंस, म्हणाली.

तिच्या घरातल्या फोनवरून ९११ लावला. फोन शोधताना स्वयंपाकघरात पातेलं दिसलं. भरलेलं, वर स्वच्छ फडकं टाकलेलं. निघायच्या आधी सरपण आणायला म्हणून ती शेडमध्ये गेली होती.

ॲम्ब्युलन्सच्या मागे गाडी घेऊन गेलो. चाळीस मैलांवर हॉस्पिटल. ऑपरेशन झालं, ठीक आहे. मिनेसोटाहून तिची मुलगी येईपर्यंत दोन रात्री मी तिथे खुर्चीत काढल्या. म्हणजे नियम मोडला, दोनदा. माझ्या फोनला तिथे भरपूर नेटवर्क होतं, तुला फोन करता आला असता. केला नाही. म्हटलं, एक नियम दोनदा मोडला, मदत न घेण्याचा तरी राहू दे.

आता तो तास.

बेसमेंटमधली फळी तू पाहिलीस. तो काकूचा संग्रह नाही. काकू गेली तेव्हा पंधरा दिवस आपल्या ट्रॉयच्या लोकांनी घरात चूल पेटू दिली नाही. रोज कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं. सगळे गेले, सौमित्र बॉथेलला परतला, आणि धुतलेले अठरा डबे माझ्यापुढे राहिले. मला चहा सोडून काही करता येत नव्हतं. रिकामे द्यायचे नाहीत, आणि दुकानातले पेढे भरून द्यायला जीव धजेना. तिच्या नावानं आलेल्या डब्यात दुकानाचे पेढे? म्हटलं, काहीतरी शिकू आणि मग देऊ. एक महिना गेला. मग तीन गेले. मग इतका उशीर झाला की भरून दिले तरी उशिराबद्दल काय बोलायचं ते सुचेना. मंडळात ती माणसं दिसली की मी पार्किंगमधूनच गाडी वळवायचो. त्यांतल्या प्रतिमाताईंनी दोनदा फोन केला, उचलला नाही. त्यांना वाटलं, बाळासाहेबांना एकटं राहायला आवडतं. मग तू पुस्तक घेऊन आलीस आणि त्यात लिहिलं होतं की एकटं राहणं थोर असतं. किती बरं वाटलं मला! वर्षभर मी ज्याला तोंड लपवणं म्हणत होतो, त्याला इंग्रजीत इतकं चांगलं नाव होतं.

तुझ्या लेखकांची यात चूक नाही. ते रानात गेले तेव्हा त्यांच्या तळघरात बहुधा डबे नव्हते. मी एकांत शोधायला आलो नव्हतो, लाज लपवायला आलो होतो, आणि हे कळायला मला सव्वीस दिवस आणि एक पातेलं लागलं. बर्फात मी चाळीस मिनिटं पडून होतो ना, त्याचंही कारण हेच. माझ्याकडून काही येईल म्हणून कोणी वाट बघत नव्हतं. मग आलं नाही म्हणून कोण उठणार?

सौमित्रला सांग, बाबा हरला. हे पत्रही त्याला दे. फोटो नको, वाचून दाखव. घर विकायचं तर विकू दे, शब्द तो शब्द. फक्त घर विकण्याआधी ते डबे द्यायला मला दहा दिवस हवेत, एवढं त्याच्याकडे माग. चाळीस दिवस मात्र मी पुरे करतोय, पैज म्हणून नाही. हेल्मीच्या कोंबड्यांना दाणे घालायचे आहेत.

काळजी करू नकोस. मला बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलेलं नाही.

तुझा
बाळकाका

•

नेपरव्हिल
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. बाळकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शैलेंद्रला वाचून दाखवलं (तुमची परवानगी घेतली नव्हती, ही कबुली क्रमांक दोन). तो उठला आणि त्यानं आमचीच कपाटं उघडून कोणाकोणाचं काय राहिलंय ते बघायला सुरुवात केली. तीन निघाले.

काल सौमित्रला फोन केला. आधी निकाल सांगितला, जसा आहे तसा: काकांनी दोन रात्री बाहेर काढल्या, नियम मोडला, ते स्वतःच तसं म्हणतात. तो म्हणाला, ओके. नुसतं ओके. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, तेही लिहिते. मग मी विचारलं, बाबांचं पत्र वाचून दाखवू का. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

हेल्मीबाईंपाशी पोचलो तेव्हा त्यानं मला थांबवलं आणि इंग्रजीत विचारलं, किती वेळ पडून होत्या. पाच तास, म्हटलं. आणि बाबांना कसं कळलं? म्हटलं, पातेलं आलं नाही म्हणून. पुढचं डब्यांचं सगळं वाचून संपवलं. मग तो म्हणाला, ऋता, ते डबे मीच डिशवॉशरमधून काढून त्या फळीवर लावले होते. आईचे असतील असं मला वाटलं. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

मग त्यानं जे सांगितलं ते लिहिण्यापूर्वी मी त्याला विचारलंय, काकांना कळवू का म्हणून. कळव, म्हणाला. काकू गेल्या तेव्हा तो ट्रॉयहून परत गेल्यावर बॉथेलच्या त्याच्या शेजारणीनं पास्त्याचं काचेचं भांडं आणून दिलं होतं. ते भांडं अजून त्याच्या फ्रीजवर आहे. रिकामं कसं द्यायचं, हे त्यालाही आईनंच शिकवलेलं; आणि भरायला काय, ते त्याला सुचलं नाही. तिकडून ती बाई गाडी काढताना दिसली की हा गॅरेजमध्येच थांबतो. जन्म मिशिगनचा, बोलणं सगळं इंग्रजी, आणि चूक मात्र तंतोतंत तुमची!

आता माझं मत. टेस्टरच्या भाषेत सांगायचं तर चाचणीच चुकीची लिहिली होती. बाबा एकटे राहू शकतात का, हे आपण तपासत होतो. तपासायला हवं होतं ते असं: बाबा एक दिवस दिसले नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल का. हे मी सौमित्रला म्हटलं. त्यानं लगेच मान्य केलं नाही. पातेल्याच्या भरवशावर वडिलांना बर्फात ठेवायचं का, असं त्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. बराच वेळ बोललो. शेवटी त्याचं म्हणणं असं, आणि मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलंय: घर या ऑक्टोबरात विक्रीला लागणार नाही. थँक्सगिव्हिंगला तुम्ही बॉथेलला जायचं. मार्चमध्ये, बर्फ गेल्यावर, पुन्हा विचार करायचा. तोवर किती डबे परत गेले आणि किती नवे आले ते तो तुम्हाला विचारणार आहे. बाकी काही विचारणार नाही, रोजचे फोनही नाहीत.

म्हणजे तुम्ही हरलात आणि घर राहिलं, निदान हिवाळाभर. असा निकाल पंचानं कधी दिला नसेल. मी पक्षपात केला का, हे पुन्हा तपासलं. या वेळी उत्तर नाही असं आलं, कारण निर्णय माझा नव्हताच.

बॉथेलला जाताना रवा न्या. त्या काचेच्या भांड्यात काय भरायचं, ते त्याला शिकवायचंय तुम्हाला.

माझी मोदकांची शंका अजून सुटलेली नाही. पण परवा नैनाचा डबा परत करायला गेले (तीनपैकी पहिला), आणि तिच्या दारात उभी असताना माझ्या लक्षात आलं की आतला आवाज आणि तिचा आवाज वेगळे करण्याची मला तेव्हा गरजच वाटत नव्हती. हे काही उत्तर नाही. वर्गात मांडून बघते.

सोमवारी चाळीसावा दिवस. परतीच्या वाटेवरचा तो मोठा पूल ओलांडून सावकाश गाडी चालवा. माया आहे तशीच ठेवा, आणि ट्रॉयला पोचल्यावर पत्रच लिहा. फोनवर तुम्ही इतकं बोलत नाही.

तुमची
ऋता

•

ट्रॉय
११ ऑक्टोबर २०२५

चि. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. निघताना हेल्मीच्या मुलीकडे पातेलं दिलं, भरून. ती हॉस्पिटलमधून आली की शिरा गरम करून खा म्हणावं, असं सांगितलं. मुलगी म्हणाली, आईनं आधीच निरोप ठेवलाय की पातेलं जूनमध्ये मिळेल, येऊन घेऊन जा. म्हणजे जूनचं ठरलं.

तुझं पत्र चाळीसाव्या दिवशी आलं. ते वाचून तळ्यावर गेलो. लून दिसला नाही, दक्षिणेला गेला असावा. मी तरीही एक अंदाज करून ठेवला.

सौमित्रच्या काचेच्या भांड्याचं वाचून हसलो आणि नंतर तितकासा हसलो नाही. मुलाला आपण काय काय देऊन ठेवतो! रवा नेईन. मार्चचंही कबूल आहे. तेव्हा तो विकू म्हणाला तर ऐकून घेईन, वाद घालणार नाही.

काल सगळे डबे वर आणले आणि डायनिंग टेबलावर मांडले. मला वाटत होतं कोणाचा कोणता ते आता कळायचं नाही. पण आपल्या बायकांनी काही नशिबावर सोडलेलं नाही. स्टीलवर नावं घातलेली आहेत, प्लॅस्टिकच्या तळाला नेलपॉलिशनं अक्षरं आहेत. नकाशाच म्हण. ट्रॉयच्या कोणत्या गल्लीत कोण राहतं ते मी डबे वाचत आठवत गेलो. दोघंजण गाव सोडून गेलेत, त्यांचे पत्ते शोधावे लागतील.

अठरावा डबा उलटा केला आणि बसलो. त्यावर नाव पद्मजाचं, तुझ्या काकूचं आहे. आपलाच डबा. पण तो इतरांबरोबर भरून आला होता, एवढं नक्की, कारण त्या पंधरा दिवसांत आपल्या घरातला डबा वापरलाच गेला नाही, आणि सौमित्रनं तो त्यांच्याबरोबरच धुऊन लावला. म्हणजे जाण्याच्या आधी कधीतरी तिनं तो भरून कोणाकडे तरी पाठवला होता, आणि त्या घरानं तो त्या पंधरा दिवसांत भरून परत केला. कोणत्या घरानं, ते मला ठाऊक नाही. तिनं आत काय घातलं होतं, तेही नाही. अंगात ताकद नव्हती तेव्हा तिच्यात. मी घरात असून मला कळलं नाही ती केव्हा उठली, केव्हा केलं.

आता हे कोणाला विचारायचं? फोन करून विचारता येईल, पण तसं नको. एकेक घरी जाईन, त्यांचा डबा देईन आणि विचारीन की पद्मजाचा डबा तुमच्याकडे होता का. सतरा घरं आहेत. दिवाळीला दहा दिवस. कदाचित पहिल्याच घरी कळेल, कदाचित शेवटच्या. मला घाई नाही.

लाडू अजून कडकच होतात. शिऱ्यावर भागवतोय.

तू दिवाळीला ये. येताना रिकामी ये, जाताना तुला तसं जाता येणार नाही. पत्र लिहीत राहा. पंच म्हणून नको, ऋता म्हणून.

तुझा
बाळकाका

ता. क. ऑफिसात असताना निघण्यापूर्वी वहीत दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहायचो, दोन लिहिली की एकही होत नाही म्हणून. ती वही पुन्हा काढली आहे.

उद्या: निळ्या झाकणाचा डबा, प्रतिमाताई.